चित्रलिपीची किल्ली खरंच रोझेटा शिलेत होती का?

वाळूघड्याळ | शनिवार, सकाळी ९.१०

शाळेच्या पुस्तकापासून प्रश्नमंजूषेपर्यंत सगळीकडे एकच वाक्य भेटतं. रोझेटा शिला सापडली, तिच्यावर एकच मजकूर तीन लिप्यांत होता, म्हणून इजिप्तची चित्रलिपी वाचता आली. मला हे वाक्य फार दिवस खटकतंय.

नेपोलियनच्या सैन्यातल्या बुशार नावाच्या अधिकाऱ्याला ही शिला जुलै १७९९ मध्ये रशीद गावाजवळ किल्ल्याच्या डागडुजीत सापडली. रशीद म्हणजेच युरोपियनांचं रोझेटा. ही लिपी उलगडणाऱ्या फ्रेंच अभ्यासकाचं, शांपोलियोंचं, ते प्रसिद्ध पत्र पॅरिसच्या अकादमीत वाचलं गेलं २७ सप्टेंबर १८२२ रोजी. मध्ये २३ वर्षं गेली. ग्रीक मजकूर तर पहिल्या दिवसापासून वाचता येत होता. शिलेचे ठसे युरोपभर फिरत होते. मग एवढी हुशार माणसं २३ वर्षं अडली कुठे?

माझं मत असं, की अडचण पुराव्याची नव्हती, समजुतीची होती. चित्रलिपी म्हणजे गूढ प्रतीकं, तिच्यात आवाज नाही, फक्त कल्पना आहेत, असं दीड हजार वर्षं धरून चाललं होतं. पाचव्या शतकातल्या होरापोलोचं पुस्तक याचं मूळ. तो सांगतो, सशाचं चित्र म्हणजे 'उघडणं', कारण ससा डोळे मिटत नाही. गंमत अशी की अर्थ बरोबर आहे. कारण मात्र साफ चुकीचं. 'ससा' आणि 'उघडणं' या दोन्ही शब्दांत 'व-न' हीच व्यंजनं होती, म्हणून सशाचं चित्र वापरलं. उत्तर हातात होतं, पण ते आवाजात शोधायचं हेच कुणाला सुचत नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं? खरी किल्ली कोणती?

अबोली | शनिवार, सकाळी ९.४२

विषय फारच आवडला. एक बाळबोध शंका. घुबडाचं चित्र काढलंय तर ते घुबडच ना? मग तिला 'लिपी' का म्हणायचं?

खडूफळा | शनिवार, सकाळी १०.२५

अबोली, शंका अजिबात बाळबोध नाही. याच शंकेत सगळे अडकले होते.

घुबड म्हणजे 'म'. वाक्यात घुबड दिसलं तर शंभरातल्या बहुतेक वेळा पक्ष्याचा संबंध नसतो. तोंड म्हणजे 'र', पाण्याची नागमोडी रेघ म्हणजे 'न', पावाचा अर्धगोल म्हणजे 'त'. ही झाली एका व्यंजनाची चिन्हं, साधारण २४. काही चिन्हं एकदम दोन किंवा तीन व्यंजनं सांगतात. घराचा आराखडा काढला की 'प-र'. त्याखाली उभी रेघ दिली तर खरंच घर, 'पेर'. पण त्याच घरापुढे तोंड आणि चालणारे दोन पाय काढले, तर शब्द होतो 'बाहेर पडणे', कारण त्या क्रियापदातही 'प-र' आहे. तोंडाचा 'र' इथे नुसता पाठिंबा देतो, म्हणजे 'प-र' मधला 'र' पुन्हा एकदा दाखवतो. पाय तर उच्चारायचेच नाहीत. ते फक्त सांगतात की हा शब्द हालचालीचा आहे.

म्हणजे एकच चित्र कधी वस्तू, कधी आवाज, कधी मुकी खूण. तिन्ही कामं एकाच ओळीत चालू असतात. बाहेरून बघणाऱ्याला हे कळणं किती कठीण असेल याचा विचार करा. मुलांना हे शिकवताना मी 'पेर'चं उदाहरण फळ्यावर काढतो, आणि पाय काढले की वर्गात एकदम 'अरेच्चा' होतं.

अबोली | शनिवार, सकाळी १०.३१

अरेच्चा!

सावळी | शनिवार, दुपारी १.०५

वाळूघड्याळ, तुमच्याशी अर्धीच सहमत. पुरावाही अपुराच होता.

मी लंडनला राहते. ब्रिटिश संग्रहालयात त्या शिलेपुढे कायम गर्दी असते. लोक मधल्या आणि खालच्या भागाचे फोटो काढतात, पण वरचा तुटका भाग निरखून बघणारे थोडेच. चित्रलिपी तिथेच आहे. शिला सुमारे ११२ सेंटिमीटर उंच आहे, पण वरचा मोठा तुकडा गेलेला. चित्रलिपीच्या फक्त शेवटच्या १४ ओळी उरल्यात आणि त्यातली एकही धड पूर्ण नाही. मधल्या डेमोटिकच्या, म्हणजे रोजच्या झरझर लेखनाच्या लिपीच्या, ३२ ओळी आणि खाली ग्रीकच्या ५४. म्हणजे ज्या लिपीचं कोडं सोडवायचं, तिचाच भाग सगळ्यात कमी.

त्यात शब्द सुटे लिहिलेले नाहीत. ग्रीकमधला अमका शब्द वरच्या कुठल्या चित्रांपाशी येतो, हे कसं ठरवणार? ठरवता येण्यासारखी एकच जागा होती. लंबगोल चौकटीतलं राजाचं नाव. आणि उरलेल्या भागात चौकटीत एकाच राजाचं नाव शिल्लक होतं, टॉलेमी (इजिप्तवर राज्य करणाऱ्या ग्रीक घराण्यातला). एका नावावर लिपी उभी राहत नाही.

अवांतर: मजकूर फारच व्यवहारी आहे. इ.स.पू. १९६ मध्ये मेम्फिसला जमलेल्या पुजाऱ्यांनी पाचव्या टॉलेमीच्या कौतुकाचा ठराव केला. राजाने करात सूट दिली, देवळांना देणग्या दिल्या, म्हणून त्याचे पुतळे उभारायचे. शेवटी सूचना आहे की हा ठराव कठीण दगडावर तीन लिप्यांत कोरून देवळांत लावावा. त्या सरकारी सूचनेचे आपल्यावर केवढे उपकार!

तात्पुरता | शनिवार, दुपारी १.३०

सगळे शांपोलियोंचं नाव घेतात. थॉमस यंगचं कुणी घेणार आहे की नाही? प्रकाशाच्या लहरींचा प्रयोग करणारा तोच यंग. अभियांत्रिकीवाल्यांना 'यंगचा गुणांक' म्हणून माहीत असलेलाही तोच. १८१४ पासून तो या कामात होता. चौकटीतली टॉलेमीची चिन्हं आवाज दाखवतात हे त्याने १८१९ च्या ब्रिटानिका ज्ञानकोशातल्या लेखात छापलं, शांपोलियोंच्या तीन वर्षं आधी. डेमोटिक ही चित्रलिपीचीच पुढची झिजलेली रूपं आहेत हेही त्याने ओळखलं. शांपोलियोंने ते घेतलं आणि यंगला पुरेसं श्रेय दिलं नाही. हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

पिंपळपान | शनिवार, दुपारी १.३४

+१. यंगवर अन्याय झालाच.

मोडीवाचक | शनिवार, दुपारी ४.२०

तात्पुरता, यंगबद्दलचा आदर मान्य. श्रेयाबद्दलची तक्रारही बरीचशी मान्य. पण तो कुठे थांबला तेही बघा.

टॉलेमीच्या चौकटीत सिंह आहे. यंगने त्याला 'ओले' असा उच्चार दिला. दोरीच्या फासाचं चिन्ह त्याने अनावश्यक ठरवलं. शेवटच्या 'स'ला 'ओश' असं काहीतरी. आणि मुख्य म्हणजे त्याने ठरवलं की आवाज फक्त परकी नावं लिहिण्यापुरते. चिनी लोक परकी नावं उच्चाराप्रमाणे लिहितात, तसंच इजिप्तमध्ये ग्रीक राजांसाठी केलं असणार, बाकी लिपी प्रतीकांचीच. हे वाटणं तर्काला धरून होतं, पण त्यामुळे दार अर्धंच उघडलं.

डेमोटिकबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझा रोजचा संबंध मोडी कागदांशी. देवळाच्या भिंतीवर सुबक चित्रं कोरली जायची, पण लेखनिकाला पपायरसवर रोज पानंच्या पानं लिहायची असत. तो बोरूने झपाझप लिही आणि चित्रं मोडत मोडत रेघांवर येत. हीच हायरॅटिक. ती आणखी झिजून इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमारास डेमोटिक झाली. बाळबोध आणि मोडी शेजारी ठेवून बघितलेल्या माणसाला हे चटकन पटेल. हात न उचलता लिहिताना अक्षराचं काय होतं, ते आपल्या दप्तरखान्यांत पानोपानी दिसतं. एक फरक मात्र विसरायचा नाही. मोडी वाचताना भाषा आपली असते. त्या लोकांना लिपीही अनोळखी आणि भाषाही.

निळानाईल | शनिवार, रात्री ८.१५

"भाषाही अनोळखी" इथे मी अडवणार, मोडीवाचक दादा! भाषा पूर्ण अनोळखी नव्हती, आणि या धाग्याचं उत्तर मला तिथेच दिसतं.

नोकरीमुळे काही वर्षं कैरोत होतो. तिथल्या एका जुन्या चर्चमध्ये सहकाऱ्याबरोबर प्रार्थनेला गेलो होतो. अरबीच्या मध्येमध्ये वेगळीच भाषा ऐकू येत होती. ती कॉप्टिक. प्राचीन इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप. ग्रीक अक्षरांत लिहितात, आणि ग्रीकमध्ये नसलेल्या आवाजांसाठी डेमोटिकमधून उचललेली काही अक्षरं. घराघरातून ती केव्हाच गेली, पण पूजेत राहिली. फारोंच्या भाषेची पणती माझ्यासमोर गायली जात होती, आणि सहकारी सहज म्हणाला की आम्हाला हे लहानपणापासून पाठ असतं.

शांपोलियोंने ही भाषा पोरवयात धरली. फिजाक गावचा जन्म, १७९० सालचा. थोरल्या भावाने, जाक-जोझेफने, त्याला शिकवलं, पुस्तकं पुरवली, पुढे आयुष्यभर सांभाळलं. ग्रेनोबल आणि पॅरिसमध्ये असताना त्याने कॉप्टिक इतकी मुरवली की स्वतःच्या टिपणांत तिच्यातून लिहायचा. यंगलाही कॉप्टिक येत होती, पण अशी अंगात भिनलेली नव्हती. मला वाटतं शर्यत इथेच ठरली.

आणि दगडाला श्रेय देताना त्या कॉप्टिक धर्मगुरूंना विसरू नये. त्यांनी ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या जपली नसती तर दहा रोझेटा शिला सापडूनही आपण नुसती राजांची नावं वाचत बसलो असतो.

गोंयकार | शनिवार, रात्री ९.५०

निळानाईल यांनी कॉप्टिक काढली म्हणून सांगतो. युरोपात कॉप्टिकचा अभ्यास सुरू होण्यात ज्याचा मोठा वाटा, तो माणूस आमच्या गोव्यात येऊन राहिलेला आहे!

पिएत्रो देल्ला वाल्ले, रोमचा उमराव. इजिप्तमध्ये फिरताना त्याने कॉप्टिक व्याकरणाची आणि शब्दकोशाची अरबीसह हस्तलिखितं मिळवली. मग इराण, आणि १६२३-२४ मध्ये सुरत, गोवा, इक्केरी असा आपल्या किनाऱ्याचा प्रवास. इक्केरीच्या नायकाच्या राज्याचं त्याचं वर्णन आपल्याकडचे इतिहासकार आजही वापरतात. रोमला परतल्यावर ती कॉप्टिक हस्तलिखितं आतानासिउस किर्शर या जेझुइट पंडिताच्या हाती पडली. त्यावरून किर्शरने १६४३ मध्ये कॉप्टिकचं पुस्तक छापलं. कॉप्टिक म्हणजेच जुनी इजिप्शियन भाषा, हे त्याने ठामपणे मांडलं.

तात्पुरता | शनिवार, रात्री १०.०५

हो, पण याच किर्शरने रोममधल्या स्तंभांवरची चित्रलिपी 'वाचून' दाखवली होती. पियाझा नावोनातल्या स्तंभावर रोमन सम्राट डोमिशियनचं नाव आणि पदव्या आहेत. किर्शर साहेबांना तिथे विश्वाच्या उत्पत्तीचं तत्त्वज्ञान दिसलं. पानंच्या पानं भरली. त्याला गुरुस्थानी बसवू नका.

गोंयकार | शनिवार, रात्री १०.२०

स्तंभाचं वाचन टाकाऊ, मान्य. कॉप्टिकचं काम मोलाचं, हे तुम्ही मान्य करा. एकाच माणसाची दोन कामं दोन तागड्यांत तोलूया ना.

तात्पुरता | शनिवार, रात्री १०.२२

केलं मान्य. बेबिंका कधी पाठवताय?

काळाकातळ | रविवार, सकाळी ७.४५

निळानाईल यांच्या मुद्द्याला आपल्याकडचा आधार देतो. ब्राह्मी.

जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी वाचली. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, हे त्याच्या लक्षात आलं. देवस्थानात माणसं नाव कोरतात ती कशासाठी? दान दिलं म्हणून. 'दानं' वाचलं आणि द, न हाती आले. त्याच्या आदल्या वर्षी लासेनने अगाथोक्लीस या ग्रीक राजाच्या दुभाषी नाण्यावरून काही अक्षरं लावली होती. म्हणजे इथेही सुरुवात परक्या राजाच्या नावाने झाली, टॉलेमीसारखीच. पण पुढचं सगळं झपाट्याने उलगडलं, कारण भाषा प्राकृत होती आणि संस्कृत-पाली जाणणारे पंडित जिवंत होते. आज कार्ले-कान्हेरीच्या लेण्यांत उभं राहून आपण दात्यांची नावं वाचतो ती त्यामुळे.

उलट बाजू बघायची असेल तर सिंधू लिपी. दुभाषी लेख नाही, भाषा कुठली ते ठरत नाही, आणि लेख सरासरी पाच चिन्हांचे. तामिळनाडू सरकारने जानेवारी २०२५ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस लावलंय, तरी अजून सर्वमान्य वाचन नाही.

रानजाई | रविवार, सकाळी ८.३०

सिंधू लिपी वाचल्याचा दावा करणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात असतो. आमच्याकडे मामा आहेत. :)

खडूफळा | रविवार, सकाळी ११.१०

आता नेमकं १८२२ मध्ये काय झालं ते सांगतो, कारण धाग्यात अजून तेच राहिलंय. ही माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे, तेव्हा थोडं लांबेल.

पहिली पायरी आकडेमोड. १८२१ च्या अखेरीस शांपोलियोंने शिलेवरची चिन्हं मोजली. ग्रीक भागात ४८६ शब्द. वरच्या तुटक्या भागात चित्रं १४१९, आणि त्यात वेगळी चिन्हं फक्त १६६. एक चित्र म्हणजे एक कल्पना असती तर शब्दांच्या तिप्पट चित्रं कशाला लागली असती? प्रतीकांची समजूत या साध्या मोजणीने खिळखिळी केली.

दुसरी पायरी क्लिओपात्रा. नाईलमधल्या फिले बेटावरचा एक स्तंभ बँक्स नावाच्या इंग्रजाने आपल्या इस्टेटीवर नेला होता. त्याच्या पायथ्याच्या ग्रीक लेखात टॉलेमी आणि क्लिओपात्रा अशी नावं, आणि स्तंभावर चित्रलिपीत दोन चौकटी. (ही सीझरची क्लिओपात्रा नव्हे. आठव्या टॉलेमीच्या काळातली, तिच्या आधीची.) १८२२ च्या जानेवारीत त्याची छापील नक्कल शांपोलियोंच्या हाती आली. दोन्ही नावांत प, ट, ओ, ल. सिंह टॉलेमीत चौथा, क्लिओपात्रात दुसरा. म्हणजे सिंह 'ल'! यंगने टाकाऊ ठरवलेला फास 'ओ'. 'प' दोन्हीकडे तोच. 'ट' मात्र जुळेना. टॉलेमीत पाव, क्लिओपात्रात हाताचा पंजा. दुसऱ्याने इथे सगळं फेकून दिलं असतं. त्याने ठरवलं की एका आवाजाला दोन चिन्हं असू शकतात. मग अलेक्झांडर, बेरेनिकी, रोमन सम्राट, नावामागून नाव उघडत गेलं.

पण ही सगळी परकी नावं. यंगची अट अजून मोडली नव्हती. ती मोडली १४ सप्टेंबर १८२२ ला. वास्तुकार ह्यूओने अबू सिंबेलहून आणलेली रेखाटनं समोर आली. ग्रीक येण्याच्या हजार वर्षं आधीचं देऊळ. चौकटीत सूर्याची चकती, मग एक तीन शेपट्यांसारखं चिन्ह, मग 'स', 'स'. सूर्याला कॉप्टिकमध्ये 'रे'. ते मधलं चिन्ह रोझेटा शिलेवर 'जन्मदिवस' या अर्थाच्या जागी होतं, आणि कॉप्टिकमध्ये 'मिसे' म्हणजे जन्म देणे. रे-म-स-स. रामसेस! दुसऱ्या चौकटीत सूर्याऐवजी थोथ देवाचा पक्षी, आयबिस. थोथ-म-स. थुतमोस! इजिप्तचे स्वतःचे राजे, इजिप्तच्या स्वतःच्या भाषेत, आणि लिहिलेले आवाजाने.

तो धावत भावाच्या कचेरीत गेला, "सापडलं!" असं ओरडला आणि शुद्ध हरपून पडला, अशी कथा घराण्यात सांगितली जायची. मी ती वर्गात दर वर्षी सांगतो.

अबोली | रविवार, सकाळी ११.५५

खडूफळा सर, अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

आता दुसरी शंका. चिन्हं व्यंजनांची, परकी नावं सोडली तर स्वर लिहीतच नव्हते, तर नेफरतिती, तुतनखामून हे उच्चार कुठून आले?

निळानाईल | रविवार, दुपारी १२.४०

सोयीसाठी ठरवलेले आहेत, ताई. 'न-फ-र' लिहिलंय म्हणून अभ्यासक मध्ये 'ए' घालून 'नेफर' म्हणतात. ते प्राचीन माणसाला कळलं असतं याची खात्री नाही. खरे स्वर शोधायला दोन वाटा. एक कॉप्टिक. तिथे हाच शब्द 'नूफे' होतो. दुसरी शेजारी देशांचा पत्रव्यवहार. बॅबिलोनची कीलाकार लिपी स्वर दाखवते. हित्ती (आजच्या तुर्कस्तानातल्या) दरबाराशी याच लिपीत झालेल्या पत्रव्यवहारात दुसऱ्या रामसेसचं नाव 'रिअमशेश' असं लिहिलेलं आहे. त्याचं दुसरं नाव आपण पुस्तकांत 'उसेरमात्रे' असं वाचतो, ते तिथे 'वाशमुअरिअ' आहे. केवढा फरक!

पिंपळपान | रविवार, दुपारी ३.१५

या सगळ्यात अरबी विद्वानांचा उल्लेखच नाही. इब्न वहशीयाच्या नावावरच्या ग्रंथात चित्रलिपीच्या काही चिन्हांना आवाज दिलेले आहेत, आणि हा ग्रंथ किर्शरच्याही आधीचा. सगळी गोष्ट पॅरिस आणि लंडनमध्येच घडली असं आपण किती दिवस सांगणार?

मोडीवाचक | रविवार, सायंकाळी ५.००

पिंपळपान, उल्लेख हवाच. त्या ग्रंथात काही चिन्हं बरोबर लागलेली आहेत असं काही आधुनिक अभ्यासक दाखवतात. पण त्याच तक्त्यांत कल्पनेची भरही बरीच आहे, आणि त्यावरून सलग वाक्य कुणी वाचल्याचा पुरावा नाही. अरबी विद्वानांचं निर्विवाद काम वेगळंच आहे. कॉप्टिक-अरबी व्याकरणं आणि शब्दकोश त्यांनी मध्ययुगात रचले. देल्ला वाल्लेने नेली ती हस्तलिखितं त्यांच्याच परंपरेतली. ती नसती तर किर्शर नाही, आणि कदाचित शांपोलियोंही नाही. मला हा मुद्दा इब्न वहशीयापेक्षा भक्कम वाटतो.

पिंपळपान | रविवार, सायंकाळी ५.२०

कॉप्टिक-अरबी कोशांचं पटलं. इब्न वहशीयाबद्दल माझं मत तेच आहे. सविस्तर वेगळा धागा काढेन.

रानजाई | रविवार, रात्री ८.०५

एवढं करून शेवटी वाचायला काय मिळालं? राजांच्या बढाया आणि देवांची स्तोत्रं?

सावळी | रविवार, रात्री ९.३०

रानजाई, माझं उत्तर ऐकून तुम्ही खूश व्हाल. रोझेटा शिलेच्याच संग्रहालयात चुनखडीचा एक तुकडा आहे. दैर अल-मदीना गावच्या कारागिरांची हजेरी, दुसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीतली. राजांची थडगी खोदणारी ही माणसं. काळ्या शाईत नावं आणि दिवस, आणि वर तांबड्या शाईत गैरहजेरीचं कारण. अमका आजारी. अमक्याला विंचू चावला. अमका बिअर गाळत होता. अमका आईच्या अंत्यविधीत. कुणाचे डोळे आलेत. हे हायरॅटिकमध्ये आहे.

आणि त्याच गावच्या कारागिरांनी तिसऱ्या रामसेसच्या २९ व्या वर्षी धान्याचं वेतन थकलं म्हणून काम बंद पाडलं. देवळापाशी जाऊन बसले, आम्ही भुकेले आहोत म्हणाले. तो पपायरस तुरिनमध्ये आहे. लेखी नोंद असलेला जगातला हा सगळ्यात जुना संप मानतात. पिरॅमिडपेक्षा मला या दोन तुकड्यांनी जास्त हलवलंय.

रानजाई | रविवार, रात्री ९.३६

विंचू चावला! उद्या साहेबांना हेच कळवते. तीन हजार वर्षांची परंपरा आहे म्हणावं.

तात्पुरता | सोमवार, सकाळी १०.१५

मूळ प्रश्नाकडे येऊ. शांपोलियोंचं वाचन बरोबर हे कशावरून? कल्पना लढवून जुळवलेली गोष्टही छान जुळते. किर्शरचीही जुळत होती.

वाळूघड्याळ | सोमवार, दुपारी २.५०

हा प्रश्न त्या काळातही लोक विचारत होते, आणि जोरात विचारत होते. क्लाप्रोट नावाचा नामांकित विद्वान १८३५ मध्ये मरेपर्यंत विरोध करत राहिला. शांपोलियों त्याच्या आधी, १८३२ मध्ये गेला, वयाच्या ४१ व्या वर्षी. व्याकरणाचं पुस्तक भावाने मागून, १८३६ पासून छापलं. त्यात उणिवा होत्या. दोन-तीन व्यंजनांची चिन्हं त्याला नीट वेगळी काढता आली नव्हती. रामसेसमधलं ते मधलं चिन्ह नुसतं 'म' नसून 'म-स' आहे, हे जर्मनीच्या लेप्सियसने १८३७ मध्ये लावून दिलं.

आणि खरी कसोटी १८६६ मध्ये लागली. तानिसच्या अवशेषांत लेप्सियसलाच आणखी एक त्रिलिपी शिला सापडली, कॅनोपसचा ठराव, इ.स.पू. २३८ चा. या शिलेवर चित्रलिपीच्या ३७ ओळी शाबूत, खाली ग्रीक, कडेला डेमोटिक. आधी कुणी न पाहिलेला मजकूर. शांपोलियोंच्या पद्धतीने चित्रं वाचायची आणि ग्रीकशी ताडून बघायची. जुळलं. त्या ठरावात दर चार वर्षांनी एक दिवस वाढवून वर्ष सुधारायची तरतूद आहे, आणि तीही चित्रलिपीतून वाचता आली. किर्शरचं वाचन अशा कसोटीला कधीच उतरलं नसतं.

सावळी आणि निळानाईल यांचं वाचून माझं मत असं स्थिरावतंय. रोझेटा शिलेने टॉलेमी दिला. फिलेच्या स्तंभाने क्लिओपात्रा दिली. अबू सिंबेलच्या रेखाटनांनी रामसेस. आणि हे तिन्ही एकत्र बांधणारी भाषा कॉप्टिकने दिली. पाठ्यपुस्तकातलं वाक्य मी तरी बदलून लिहीन, आणि त्यात कॉप्टिक शब्द पहिल्या ओळीत असेल.

तात्पुरता | सोमवार, दुपारी ३.१०

यंग दुसऱ्या ओळीत तरी हवा.

वाळूघड्याळ | सोमवार, दुपारी ३.१८

दुसऱ्या ओळीत यंग, कबूल.

अबोली | सोमवार, रात्री ९.००

मला शिकायचंय! बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांनी आणलेली ममी आहे, तिथे जायचा बेत आहे. त्याआधी निदान नाव वाचण्याइतकं जमेल का? आणि ओळ डावीकडून वाचायची की उजवीकडून?

खडूफळा | सोमवार, रात्री ९.४५

नक्की जमेल. माणसं आणि पक्षी ज्या बाजूला तोंड करून असतात, त्या बाजूने वाचायला सुरुवात करायची. त्यांच्या चेहऱ्याकडे जायचं, पाठीमागून नाही. दारांच्या दोन बाजूंना तेच लेख समोरासमोर तोंड करून कोरलेले असतात, शोभेसाठी.

आधी ती २४ चिन्हं वहीत रोज काढा. पुस्तक गार्डिनरचं व्याकरण, १९२७ चं, आजही कामाचं. त्याच्या मागच्या चिन्हांच्या यादीत प्रत्येक चित्राला क्रमांक आहे, घुबड ग-१७ वगैरे. (इंग्रजीत जी-१७.) २००९ मध्ये युनिकोडमध्येही १०७१ चिन्हं आली, तेव्हा संगणकावरही सराव होतो. पहिला सराव चौकटींचा करा: टॉलेमी, क्लिओपात्रा, मग रामसेस. शांपोलियों ज्या क्रमाने गेला त्याच क्रमाने.

निळानाईल | सोमवार, रात्री १०.१०

आणि ताई, चौकटीबाहेर 'सिंहासन, पाव, डोळा' असं काही एकत्र दिसलं तर थांबा. ओसिरिस किंवा इसिसचं नाव असण्याची शक्यता दांडगी. शवपेट्यांवर ओसिरिस तर हमखास भेटतो. फोटो काढू देत असतील तर इथे टाका, सगळे मिळून लावू.